दादाच्या बंदुकीचा पीळ

रविवारची सकाळ माझी होती. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण आमच्या मुलुंडच्या घरात ते सगळ्यांना माहीत होतं. पोहे खाऊन झाले की बाबा चष्मा पुसायचे, मी नव्या पत्रकाचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवायचे आणि आई जेवणाची ताटं मांडेपर्यंत आम्ही एकेका वाक्यावरून भांडायचो. बाबा घाटकोपरच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. ‘जाहीर निषेध’ मला ‘बदक’ आणि ‘गवत’ यांच्या आधी वाचता आलं. आजही मी लिहिलेलं कुठलंही वाक्य बाबांच्या नजरेखालून जाईपर्यंत मला पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

मग दादाने बंदूक हातात घेतली आणि माझी सकाळ गेली.

दादा बरीच वर्षं अमेरिकेत आहे. आमची रविवार सकाळ म्हणजे त्याची शनिवार रात्र. दिवसभर रेंजवर नेमबाजी करून तो घरी यायचा आणि आम्हाला व्हिडिओ कॉल लावायचा. ही नेमबाजीही साधी नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या धाटणीची लांब नळीची बंदूक, पितळी काडतुसात काळी दारू, स्वतः वितळवून ओतलेली शिशाची गोळी, आणि निशाण इतकं लांब की साध्या डोळ्यांना ठिपकासुद्धा दिसत नाही. काळ्या दारूने नळीत काजळी धरते, म्हणून हे लोक दोन बारांच्या मधे एका नळकांडीतून आत फुंकर घालतात. श्वासाच्या ओलाव्याने काजळी मऊ राहते. हे ऐकून बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले ते पुढचे कित्येक रविवार मागे टेकलेच नाहीत.

मी पहिल्याच दिवशी बोलले. “दादा, असल्याच बंदुकांच्या जोरावर तिथल्या मूळ लोकांच्या जमिनी लुटल्या. लाज वाटत नाही तुला?”

“अगं, मी पुठ्ठ्यावर मारतोय.”

“पुठ्ठ्यावर मारायला तरी बंदूकच कशाला पाहिजे?”

“बाबा, हिचं भाषण बंद करा ना यार.”

बाबा हसले. पूर्वी ते माझ्या बाजूने हसायचे.

मी म्हणाले ते मला आजही मान्य आहे. बंदुकीचा शौक करणाऱ्याने तिचा इतिहासही खांद्यावर घ्यावा, असं माझं मत आहे. पण त्या दिवशी माझ्या आवाजाला जी धार होती ती इतिहासाची नव्हती. दादा हजारो मैलांवरून फोन करत होता, आणि मी हाताच्या अंतरावर बसून बाबांना दिसत नव्हते.

पुढे दादाने स्वतःची बंदूक करून घ्यायचं ठरवलं. कारागिराला दोन गोष्टी कळवायच्या होत्या: काडतूस कोणतं, आणि नळीचा पीळ किती. नळीच्या आत तिरके आटे कोरलेले असतात. गोळी त्यांत धरली जाते आणि भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते. आट्याचा एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो, तो त्या नळीचा पीळ. ज्या माणसाने जन्मभर लेथवर आटे पाडले त्याला हा प्रश्न विचारणं म्हणजे काय, हे दादाला नक्की कळत होतं. मला तर वाटतं, त्याने तो मुद्दाम विचारला.

काडतुसावर काही रविवार गेले. दादाला सगळ्यात लांब, सगळ्यात जास्त दारूचं हवं होतं.

“दणका तुझ्या खांद्याला बसेल रे, निशाणाला नाही,” बाबा म्हणाले. “दिवसभर बार काढायचेत ना? दुपारपर्यंत तू घाबरून आधीच डोळे मिटायला लागशील. काजळी वाढेल ती वेगळी. मधलं घे.”

“पण लांबवर जोर पुरेल?”

“जोर पुरतो. माणूस पुरत नाही.”

स्वयंपाकघरातून आई तिच्या मालवणीत ओरडली, “त्येका बंदूक कित्या व्हयी? आदी बायको बघा त्येच्यासाठी!”

काडतूस मधलं ठरलं. मग पिळाची पाळी आली. दादाला बावीस इंचांत एक फेरा हवा होता, कारण जुन्या अस्सल बंदुकांत तोच असायचा. म्हणजे नेमकं किती तिरकं, ते बाबांना त्याला दाखवायचं होतं. त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, त्याची सुरळी केली, पेनाने तिच्यावर गोल फिरत जाणारी रेघ ओढली आणि मग कागद उलगडून फोनसमोर धरला. “बघ, उलगडल्यावर सरळ तिरपी रेघ. आटा म्हणजे एवढंच असतं.”

तो कागद माझा मसुदा होता. आमच्या गल्लीमागचं पालिकेचं मैदान एका खासगी क्लबला द्यायचं घाटत होतं, त्याविरुद्धचं पत्रक. ‘मैदान मुलांचं आहे’ या मथळ्यावरून निळी रेघ आरपार गेली होती.

“बाबा, तो मसुदा आहे.”

“अगं, कागद हाताशी होता. दुसरा प्रिंट काढ ना.”

मी दुसरा प्रिंट काढला. आणि त्या आठवड्यात ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर फक्त पीळ, गोळ्या आणि काडतुसं वाचली. मला त्यातलं काही शिकायचं नव्हतं. मला दादाची चूक हवी होती.

ती घरच्या ग्रुपवरच पडलेली होती. दादाने काही दिवसांपूर्वी मित्राकडून मागून आणलेल्या बंदुकीने मारलेल्या निशाणाचा फोटो टाकला होता. ती बंदूकही बावीसच्याच पिळाची होती. बाबांनी तो फोटो मोठा करून मधल्या वर्तुळाजवळची भोकं पाहिली आणि शेजाऱ्यांना दाखवली. मी कडेची पाहिली. डावीकडचं एक भोक गोल नव्हतं. लांबट होतं, जुन्या कुलपाला किल्ली घालायची फट असते तसं. दादाने त्याच्याखाली लिहिलं होतं, ‘वारा!’

पुढच्या रविवारी दादा म्हणाला, “ठरलं मग बाबा. बावीस. उद्या मेल टाकतो.”

“टाक.”

“थांब,” मी म्हणाले. “त्या फोटोतलं डावीकडचं भोक बघ. लांबट आहे.”

“वारा होता गं.”

“वाऱ्याने गोळी बाजूला सरकते, आडवी होत नाही. तुझी गोळी लांब आहे. जुन्या गोळ्या आखूड असायच्या, त्यांना बावीस चालायचा. गोळी जितकी लांब तितकं तिला जास्त फिरवायला लागतं, नाहीतर दूर जाऊन वेग कमी झाला की ती डगमगते. तुझ्यासारखी गोळी वापरणारे बहुतेक सगळे अठरा घेतात.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“पत्रकात वाचलं.”

बाबांनी फोन हातात घेतला, फोटो उघडला, चष्मा वर केला, खाली केला. मग ते म्हणाले, “आडवीच लागलीय रे. मी कसं नाही पाहिलं?”

मला माहीत होतं कसं ते. ते प्रेमाने बघत होते.

“च्यायला, वाट लागली असती माझी,” दादा म्हणाला. “बाबा, हिला इतके दिवस कुठे लपवून ठेवलं होतं? अठरा म्हणजे अठरा. डन.” आणि तो हसायला लागला, अगदी मोकळं. त्याच्या चेहऱ्यावर मी काहीतरी शोधत होते, थोडा राग, थोडी जळजळ. काहीच नव्हतं. मी त्याला बाबांसमोर चूक ठरवलं आणि त्याला माझा हेवासुद्धा वाटला नाही. ते मला अजून झोंबतं.

तरी मनात म्हटलं, सुटले. पीळ ठरला, काडतूस ठरलं, आता रविवार परत माझा.

“हातात कधी येईल?” बाबांनी विचारलं.

“वर्ष तरी जाईल. लांब रांग आहे त्याच्याकडे.”

बाबांनी तळहात एकमेकांवर चोळले. “मग उत्तम झालं. वर्षभरात दारू किती, गोळीला शिसं कसलं, सगळं शांतपणे ठरवू. आता तर ही पण आहे आपल्यात.” आणि त्यांनी शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली. मी बसले. दुसरं काय करणार?

कॉल संपल्यावर बाबा स्वतःहून म्हणाले, “आण तुझं पत्रक.” जेवण पुढे ढकलून त्यांनी ते वाचलं, पूर्वीसारखंच, ओठ हलवत. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य खोडलं. “एका वाक्यात दोन मागण्या केल्यायस. फोड त्या.” मी भांडले. त्यांनी ऐकलं नाही. मला इतकं बरं वाटत होतं की मी उगाच आणखी भांडले.

मग कागद परत देताना ते म्हणाले, “दादालाही पाठव हे. तू खूप लहान होतीस तेव्हा कंपनीच्या गेटवर माझी पत्रकं तोच वाटायचा. घरी येऊन सांगायचा, कुठलं वाक्य लोक थांबून वाचत होते ते.”

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

“पाठवते,” मी म्हणाले. संध्याकाळी दोन मागण्यांची दोन वाक्यं करून मी पत्रक छपाईला दिलं. दादाला पाठवलं नाही.