मेश्राम बाईंचा बंद तुकडा

रान दाखवायला नेलेल्या पोरांना मेश्राम बाई वर पाहूच देत नसत. "मोठं झाड कोणीबी दाखवते. त्याची लेकरं शोधा!" म्हणत सगळा वर्ग खाली वाकवायच्या. हिंगण्याच्या पलीकडे आमच्या शाळेमागे मोहा-पळसाचं जुनं रान आहे. विज्ञानाचे तास तिथेच व्हायचे. मी नवा शिक्षक, घराण्यातला पहिला पदवीधर, मीही वाकलो. मोहाखाली एकही रोप सापडलं नाही. आमच्याच पोरांच्या पायांनी जमीन सिमेंटसारखी टणक झाली होती.

"सर, शिकवून शिकवून मारून राहिलो आपण ह्या रानाले," बाई म्हणाल्या.

त्यांनी रानाचे तीन तुकडे पाडले. पोरांचा सगळ्यात लाडका, मोहाचा तुकडा, तारेने बंद. रोपं पोरांच्या डोक्यावर गेली की तो उघडायचा आणि दुसरा बंद करायचा. एक आई भांडायलाच आली. "तोवर माहा पोरगा शाळा सोडून जाईन! त्याले काय फायदा?"

"त्याच्या पोरीले होईन ना वं! तिले काय मोबाइलवर मोह दाखवशीन?"

पण बाई निवृत्त झाल्यावरही कुंपण टिकायचं, तर शाळा समितीचा ठराव हवा होता. अध्यक्ष गणपतभाऊ दर वेळी "पाहू ना मॅडम" म्हणून चहा मागवायचे.

निरोपाच्या दिवशी भाऊंनी प्रेमापोटीच घोळ घातला. सत्कार मोहाखालीच करायचा म्हणून तारा कापायला माणसं आणली. बाईंनी स्कूटी आडवी लावली आणि तिच्यावर बसून राहिल्या.

"मॅडम, तुमचाच तं सत्कार हाये!"

"मंग मले विचारलं काहून नाही?"

"एका दिवसानं काय होते?"

"भाऊ, नातवाच्या पाळण्यावर मंडप टाकसान का, एका दिवसासाठी?"

लोक हसले. भाऊंनी चिडून शाल पुढे केली.

"शाल नको. ठराव करा."

तारा वाचल्या, पण ठराव झाला नाही. बाई शाल न घेताच घरी गेल्या.

आज आत मोहाची रोपं गुडघ्याला लागली आहेत. नव्या मुख्याध्यापकांनी परवा मला बोलावलं. पाहुणे येणार आहेत, तारा काढा, फोटो चांगला येईल. मी सरळ नाही म्हटलं.

"बदली होईल तुमची."

"होऊ द्या. तारा तुम्ही कापा, सर. पण पोरांसमोर कापा."