खेळता खेळता थांबणारा नूरमहंमद

…तर फावडं वर गेलं ते वरच राहिलं! नूरमहंमदनं माउस आपटला, हाताला लागतील ती बटणं दाबली, पण पडद्यावरचा त्याचा चौकोनी डोक्याचा गडी हलेल तर शपथ. समोर त्याच्या नातीची, आयराची, तसलीच चौकोनी बाहुली. ती त्याच्याभोवती एक गिरकी घेऊन उभी राहिली, आणि फोनमधून आवाज आला, "दादा, थांबलात ना पुन्हा?"

"मी कशाला थांबतोय गं? मशीन थांबलं."

"मला तर तुम्हीच थांबलेले दिसता."

आता नूरमहंमद कोण, तर कामशेतच्या पेठेतला ताडपत्रीवाला. आंदर मावळातली माणसं लावणीआधी प्लास्टिकचा कागद न्यायला त्याच्याकडेच यायची, कारण कापताना हा वीतभर सैल सोडायचा. पावसाशी त्याचं जन्माचं वैर. घरात टीव्हीला कागद, मिक्सरला कागद, स्कूटरच्या सीटला कागद. बायको अजीजुन्निसा म्हणायची, "मी एका जागी जरा जास्त वेळ बसले, तर मलाही गुंडाळाल!"

त्यांचा एकुलता मुलगा नवाज तापाचं निमित्त होऊन गेला. सुनेला भुसावळच्या शाळेत नोकरी लागली, ती लेकीला घेऊन माहेरी राहिली. तिचं काही चुकलं नाही. इथं उरला तो नवाजचा कॉम्प्युटर. फोनवर आयरा 'हो', 'नाही', 'जेवले' याच्यापुढं जायची नाही. मग तिनंच एकदा आजोबाला हा खेळ शिकवला. दोघांनी मिळून घर बांधायचं. नूरमहंमदला एकच काम जमलं, पाया खणायचं. पण तो खणत असला की पोरगी बोलायची. शाळेतलं बोलायची, मैत्रिणींचं बोलायची, कधीकधी अब्बूचंही. दिवसभर दुकानात बसून तो त्या एका तासाची वाट बघायचा. आणि पावसाळा लागल्यापासून नेमका त्याच तासाला गडी थिजायचा.

स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या सत्यमकडं त्यानं डबा नेला. सत्यमनं ब्रशनं झाडला, मेमरी काढून पुसून बसवली, खेळ लावला. दुपारभर चालला, एकदाही अडला नाही. घरी आणला, पायाला हात घातला, की फावडं पुन्हा वर. परत नेला, सत्यमनं पॉवर सप्लाय बदलला. तिथं झकास, इथं मुका. शेवटी सत्यम वैतागला, "भाऊ, माझ्याकडं हा घोड्यासारखा पळतो. दोष तुमच्या घरात आहे."

बोलून तो मोकळा झाला, पण नूरमहंमदच्या काळजात ते रुतून बसलं. ह्याच घरातनं नवाज गेला. ह्याच घरातनं सून गेली. आता हे खेळातलं घरसुद्धा पायाच्या वर येईना. त्यातच एका संध्याकाळी आयरानं विचारलं, "दादा, मी आलियाबरोबर खेळू का? ती थांबत नाही."

"खेळ की," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या बाजाराला तिकोणा पेठेचा हौशीराम भिजत आला. दोघं चौथीपर्यंत एका बाकावरचे. नूरमहंमद घरी पडद्यावरचा पाया खणत बसलेला. टेबलाखाली निळ्या कागदात सुतळीनं आवळलेलं गाठोडं दिसलं, त्याला टेकून हौशीराम बसला आणि दचकून उठला.

"आयला नुऱ्या, शेगडी कवा घेतली?"

"शेगडी कसली? नवाजचा कॉम्प्युटर हाय त्यो."

"मग लय तापलाय की! ह्यानं श्वास कुटनं घ्यायचा? सत्यमकडं असाच बांधून ठेवतोस व्हय?"

"तितं सोडतो. घरी आणला की लगेच बांधतो. भिंतींना घाम सुटलाय बघ, नवाजची वस्तू भिजली तर…"

बोलता बोलताच तो उठला. दुकानातला सुरा आणून त्यानं सुतळी कापली. आतून गरम वाफारा आला. मशीन निवल्यावर त्यानं खेळ लावला. गडी खणायला लागला तो थांबलाच नाही!

लगेच भुसावळला फोन. सून म्हणाली, आयरा क्लासला गेलीय. दुसऱ्या दिवशी पोरगी स्वतः बोलली.

"दादा, तो गेम मी काढून टाकला. आता आम्ही दुसरा खेळतो."

"मला शिकवशील?"

"नंतर."

"जेवलीस का?"

"जेवले."

नंतरच्या बाजाराला हौशीराम आला, तर नूरमहंमद एकटाच खणत होता. खड्डा पडद्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला.

"नुऱ्या, दुसरं पवना धरण बांधतोस का काय? बास कर की आता. ती पोर काय येत न्हाई ह्या खेळात. बंद कर, निवू दे, आन् नीट गुंडाळून ठेव. निदान पोराची वस्तू तरी ऱ्हाईल."

नूरमहंमदनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"न्हाई हौशा, उघडाच राहू दे. चुकून कधी आली, तर मी थांबलेला दिसायला नको."