शोंखोर हे नाव

नोमोलुन चुलीवरचं दूध पळीनं उंच उचलून खाली सोडत होती, तेवढ्यात तंबूच्या दारावर चाबकाच्या मुठीचे ठोके पडले. तिच्या कपाळाला आठी पडली. घरी येणारा माणूस लांबूनच ‘कुत्रं धरा’ म्हणून ओरडतो. दार बडवतो तो फक्त सरदाराचा माणूस.

“ये आत. उंबऱ्यावर पाय देऊ नकोस, एवढं तरी तुझ्या आईनं शिकवलं असेल.”

नव्या सरदाराचा हरकारा खादान आत आला. गेल्या उन्हाळ्यापर्यंत हाच जुन्या सरदाराचे हुकूम घेऊन दारोदार फिरत होता. आता फक्त टोपी नवी होती.

“मावशी, हुकूम आहे. त्या गद्दाराचं नाव कुणी तोंडातून काढायचं नाही. घरात त्या नावाचं कुणी असेल तर नाव बदलायचं. लोक म्हणतात, तुझा मुलगा...”

नोमोलुननं पळी आदळली. “कितींदा बदलू रे?”

शोंखोर म्हणजे ससाणा. ती बाळंत झाली त्या पहाटे तंबूवर ससाणा घिरट्या घालत होता, म्हणून पोराचं नाव शोंखोर. दुसरा शोंखोर, म्हणजे हा जुना सरदार, तेव्हा शेजारच्या तळावर लोकांची घोडी राखायचा आणि नोमोलुननं वाळत घातलेल्या दह्याच्या वड्या पळवायचा. पुढे घोडी पळवू लागला, मग स्वार जमवून शहरं लुटू लागला. एका खानाला गादीवरून खेचून त्यानं एक पोरगेला खान बसवला आणि स्वतः मागे उभा राहून राज्य केलं. गादीवर बसायला खानांचं रक्त लागतं, ते त्याच्या अंगात नव्हतं. ती कसर त्यानं नावावर काढली. त्याचं नाव पवित्र ठरलं, दुसऱ्या कुणी लावायचं नाही. खऱ्या ससाण्यालासुद्धा लोक घाबरून ‘वरचा पक्षी’ म्हणू लागले. मिसरूडही न फुटलेल्या पोराला काय म्हणायचं? नोमोलुननं रागारागानं ‘नेरगुई’ म्हटलं. नेरगुई म्हणजे निनावी.

त्याच नावानं तो लढाईवर गेला. सरदार ताज्या घोड्यावरून पळाला, तेव्हा पिछाडीला ठेवलेल्यांत तो नदीकाठी मेला. सरदाराला त्याच्याच अंगरक्षकांनी बांधून, त्यानंच बसवलेल्या पण आता हाताबाहेर गेलेल्या खानापुढे नेऊन टाकलं.

“पोरगा मेलाय माझा,” नोमोलुन म्हणाली.

“अरेरे. मग प्रश्नच मिटला, मावशी.”

“तुझा मिटला! काल ते नाव इतकं थोर होतं की माझ्या पोराला पेलणार नव्हतं. आज इतकं घाण झालं की त्याच्या मड्यालाही चालत नाही. त्या चोरट्याला त्याच्या आईनं ठेवलं ते त्याचं. माझ्या पोराला मी ठेवलं ते माझं होतं. तुमच्या सरदाराच्या बापाचं नव्हतं!”

“हळू बोल गं. मला मान एकच आहे.”

“टोप्या मात्र पुष्कळ!”

 नोमोलुननं दुधाची पहिली पळी वाडग्यात काढली. पोर गेल्यापासून ती रोज सकाळी आभाळाकडे दूध शिंपडून ‘नेरगुई’ म्हणून हाक मारायची. निनावी म्हणून हाक मारली तर दूध पोचणार कुणाला?

“मी बाहेर जाऊन दूध शिंपडते,” ती म्हणाली. “एकदाच मला त्याला शोंखोर म्हणून हाक मारू दे.”