व्हिएन्नाच्या मैफलीत, डोळे मिटून

आम्ही युरोपला गेलो ते हौसेनं नव्हे, जिवाच्या आकांतानं. यांचे कान जात चालले होते.

रबाळ्याच्या एका कारखान्यात हे पत्र्याच्या प्रेसवर सुपरवायझर होते. दिवसभर नुसती धडधड. कानात कापसाचे बोळे तरी घाला म्हटलं, की हसण्यावारी न्यायचे. वाशीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर अधूनमधून गाण्याची बैठक व्हायची. हे डोळे मिटून बसायचे आणि यांची दाद बरोबर समेवर पडायची. गाणारेसुद्धा यांच्याकडे बघून गायचे. मग एकदा कांद्याच्या मार्केटसमोर मागून ट्रक हॉर्न वाजवत आला आणि हे जागचे ढिम्म हलले नाहीत. मी दंडाला धरून ओढलं म्हणून वाचले. डॉक्टर म्हणाले, नस मरत चालली आहे, उरलंसुरलं किती टिकेल ते सांगता येत नाही.

हे स्वतः व्हायोलिन वाजवायचे, आपल्या पद्धतीनं, मांडी घालून. तीसचाळीस व्हायोलिनं एकदम वाजताना समोर बसून ऐकायची, एवढा एकच ध्यास होता. माझा धाकटा भाऊ तेव्हा जर्मनीत नोकरीला होता. मी त्याला कळवलं, जे काय करायचंय ते आत्ता कर. त्यानं तिकिटं पाठवली.

विमान उतरताना यांचे कान गच्च बंद झाले. सुटतील, सुटतील म्हणत मी दिवस काढले. साल्झबुर्गला चर्चच्या घंटा वाजायला लागल्या तशी यांनी मान वर केली. मला केवढं हायसं वाटलं! मग लक्षात आलं, तिथले सगळेच वर बघत होते. भाऊ कौतुकानं घुमट, कमानी, पुतळे दाखवत होता आणि माझं डोकं फिरत होतं. एवढं सोन्यानं मढवून ठेवलंय मेल्यांनी, आणि माझ्या माणसाला एक संध्याकाळ मिळू नये?

"येतंय गं ऐकू मला," हे म्हणायचे. मी विश्वास ठेवला. दुसरं काय करणार होते?

व्हिएन्नाला भावानं अगदी पुढच्या खुर्च्या मिळवल्या होत्या. वादक येऊन बसले. हे सावरून बसले आणि सवयीनं डोळे मिटले. वाजायला लागलं. एवढी व्हायोलिनं एकदम उठली की माझ्या अंगावर काटा आला. मी यांच्या तोंडाकडे बघत राहिले, आता मान हलेल, आता 'वाहवा' येईल.

"अगं, सुरू कधी करणार हे लोक?" यांनी मोठ्यानं विचारलं.

आजूबाजूचे वळून बघायला लागले. मी यांचा हात माझ्या मांडीवर ओढून घेतला आणि तळव्यावर बोटांनी ठेका धरला. धा धिं धिं धा. त्या वाजवण्यात आपली सम कुठून सापडणार? ते धावत सुटायचं, मध्येच मंद व्हायचं. मी आपली वेड्यासारखी तीनताल देत राहिले. यांचा चेहरा उजळला. माझ्या समेवर यांची मान हलली, ओठावर दादसुद्धा आली. मला रडू फुटायला लागलं.

तेवढ्यात यांनी डोळे उघडले. समोर एक भाग संपवून वादक गज खाली ठेवून पानं उलटत होते, आणि माझी बोटं चालूच होती.

यांनी दुसऱ्या हातानं माझी बोटं मिटवली. "राहू दे," म्हणाले.

मैफल संपेपर्यंत यांनी परत डोळे मिटले नाहीत.