मिस्त्रीने उघडलेला पंप

माझा धाकटा भाऊ गल्लीचा मिस्त्री. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, शिवणयंत्रं, जे बंद पडेल ते त्याच्या दुकानी येतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून आतलं दुखणं सांगायचं, ही त्याची पद्धत. मात्र त्याने दुरुस्त केलेल्या वस्तूबद्दल शंका काढली की संपलं, नाकावर माशी बसू द्यायचा नाही. "माझ्या हातचं काम परत येत नाही," हे वाक्य मी वीस वर्षं ऐकते आहे. थोरली असूनही मी कधी त्याला टोकलं नाही, कारण काम खरंच परत येत नसे.

त्याची मुलगी ठकी नऊ वर्षांची. पाचव्या वर्षापासून तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही. आधी दिवसाला चार-पाच इंजेक्शनं असायची. भावजय नोकरी सोडून शाळेच्या पायरीवर बसून राही. मग एका संस्थेच्या यादीत नाव घातलं आणि दोन वर्षांनी पंप मिळाला. काड्यापेटीहून जरा मोठी डबी, तिला लांब नळी, आणि त्या नळीच्या टोकाला पोटाच्या चामडीखाली जाणारी बारीक मऊ नळी. ही मऊ नळी दर तीन दिवसांनी बदलायची. कमरेला पंप लावून ठकी एकटी शाळेत जाऊ लागली आणि भावजय पुन्हा कपड्यांच्या कारखान्यात.

संस्थेची अट एकच होती, पंप उघडायचा नाही. फ्रिजवर त्यांचं कार्ड चिकटवलेलं होतं. साखर चढली आणि उतरेना, तर इंजेक्शनच्या पेनने इन्सुलिन द्या, पोटातली नळी बदला आणि आम्हाला फोन करा.

त्या रविवारी सकाळी नळी भावाने बदलली. भावजय जादा पाळीला गेलेली. दुपारी ठकी बाटलीवर बाटली पाणी प्यायला लागली, पोट दुखतंय म्हणाली. बोटाला टोचून पाहिलं तर साखर साडेतीनशेच्या वर. भावाने पंपावरून जादा डोस दिला. तासाभराने चारशे.

"नळी बदल," मी म्हटलं. "कार्डावर लिहिलंय."

"सकाळीच घातलीय, ताई. मी घातलीय."

"म्हणूनच म्हणतेय."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गिऱ्हाईक आहे. मग पंपाला स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकत बसला.

"मोटर अडखळतेय. पडद्यावर डोस गेला म्हणतंय, पण आत गिअर घसरतोय."

"मग पेनने तरी दे."

"आणि याने अडलेलं सगळं एकदम सोडलेलं असलं तर? दुप्पट जाईल, मग साखर उतरून पोर बेशुद्ध पडेल. पाच मिनिटं दे मला."

पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर पंप उघडा, बाटलीच्या झाकणात स्क्रू. ठकी सोफ्यावर आडवी पडून बघत होती.

"बाबा, नीट होईल ना?"

"होणार म्हणजे होणारच."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, तशातली गत. पण मी तरी कुठली शहाणी? पेन समोर होतं, डोस किती द्यायचा ते ठाऊक नव्हतं, आणि भावजयीला फोन करायला मी पाऊण तास लावला. मला माझा अजून राग येतो.

भावजय आली ती टेबलाकडे न बघताच. लघवी तपासली, डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तेवढं इन्सुलिन पेनने दिलं. मग ठकीच्या पोटावरची चिकटपट्टी सोडवली. पट्टी ओलीचिंब होती. मऊ नळी चामडीखाली गेलीच नव्हती, दुमडून पट्टीखाली पडली होती. सकाळपासूनचं इन्सुलिन पोटावर सांडलेलं. पंप बिचारा शहाण्यासारखं काम करत होता. भावजयीने ती वाकडी नळी भावाच्या तळहातावर ठेवली आणि ठकीसाठी पाणी आणायला गेली.

संध्याकाळपर्यंत ठकीची साखर उतरली. पंप मात्र पुन्हा चालू झाला नाही. भावाने तो तीनदा जोडला, तीनदा उघडला. संस्थेच्या बाईंनी तुटलेलं सील पाहिलं. नियम सगळ्यांना सारखा, म्हणाल्या, नाव पुन्हा यादीच्या तळाशी जाईल. मी पुष्कळ भांडले. पालथ्या घड्यावर पाणी.

आता भावजय पुन्हा शाळेच्या पायरीवर असते. कारखान्यात तिच्या यंत्रावर दुसरी कुणी बसते. नवराबायकोत भांडण होत नाही. झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. ठकी इंजेक्शनासाठी दंड पुढे करते, पण आईकडे किंवा माझ्याकडे. भाऊ पेन घेऊन आला की म्हणते, "राहू दे बाबा, आत्या देईल."

काल तिचं गजराचं घड्याळ बंद पडलं. तिने ते माझ्या पिशवीत, भाजीच्या कापडाखाली ठेवलं.

"आत्या, पलीकडच्या गल्लीत एक जण दुरुस्त करतो म्हणे. नेशील?"

"घरात मिस्त्री असताना?"

ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. "बाबाला सांगू नकोस. त्याला वाईट वाटेल."

मी दुकानासमोरून घाईने निघाले. भाऊ इस्त्री उघडून बसला होता. कापड सरकलं होतं की काय, त्याची नजर पिशवीतल्या घड्याळावर गेली. त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"आधी सेल बदलून बघ, ताई," तो म्हणाला. "उघडायला देऊ नकोस कुणाला."