एकवीस टक्क्यांचा जावई

डब्लिनला येण्याआधी मी तीन वर्षं अमेरिकेत होतो, आणि ही माहिती लोकांनी विचारायची मी कधीच वाट पाहिली नाही.

२००३च्या उन्हाळ्यात नागपूरहून सासूसासरे डब्लिनच्या क्लोनडॉकिन भागात आमच्याकडे आले. सासरे विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले. लेकीला स्वतःच्या पैशाने मायक्रोवेव्ह घ्यायचा म्हणून निघताना त्यांनी एकशे तीस युरो वेगळे बांधून आणले होते.

शनिवारी त्यांना आणि बायकोला, मेघनाला, घेऊन दुकानात गेलो. (सासूबाई घरी पुरणपोळ्या करत होत्या, म्हणून एक साक्षीदार तरी कमी!) मेघनाला एक मोठा, देखणा मायक्रोवेव्ह आवडला. शेवटचाच नग. किंमत एकशे वीस.

"घेऊन टाकू!" सासरे म्हणाले.

"थांबा बाबा," मी म्हणालो. "ही किंमत टॅक्स सोडून असते. काउंटरवर एकवीस टक्के वाढणार. म्हणजे झाले एकशे पंचेचाळीस."

"मंदार, तुला नक्की माहितीय?" मेघनाने विचारलं.

"मी अमेरिकेत होतो!"

वरचे पैसे मी देऊ केले. पण लेकीच्या भेटीत जावयाचे पैसे? बाबा ऐकेनात. शेवटी नव्वदवाला छोटा उचलला. त्यात आमचं जेवणाचं ताट उभं घातलं असतं तरी गेलं नसतं!

काउंटरवरच्या मुलीने नव्वदच मागितले.

"आणि टॅक्स?" बाबांनी इंग्रजीत विचारलं.

"यू आर ग्रँड," ती हसून म्हणाली. (म्हणजे 'काही काळजी करू नका'.)

"ग्रँड टोटलच विचारून राहिलो ना मी! टॅक्ससकट सांग!"

"यू आर ग्रँड!"

बाबांचा चेहरा बदलला. "जावईबापू, हे लोक कर चुकवून राहिले. पक्कं बिल मागा!"

मागे रांग वाढत चालली. मुलीने मॅनेजरबाईंना बोलावलं. खिशातून पैसे काढून 'कर घ्या' म्हणणारं गिऱ्हाईक त्या बहुधा प्रथमच पाहत होत्या! त्यांनी शांतपणे बिलावर बोट ठेवलं. कर किमतीतच धरलेला होता.

"माझी बहीण बॉस्टनला असते," त्या म्हणाल्या. "तिकडे प्रत्येक राज्याचा कर वेगळा, कुठे कुठे तर गावागणिक वेगळा. म्हणून तिथली दुकानं लेबलावर कर धरत नाहीत. आमच्याकडे देशभर एकच दर. जे लिहिलंय तेवढंच द्यायचं."

बाबांनी मान डोलावली. खात्यातला माणूस, लगेच पटलं. मग ते सावकाश माझ्याकडे वळले.

"म्हणजे तो मोठा एकशे वीसलाच होता?"

"बदलून देते की!" मेघनाकडून सगळं कळल्यावर मॅनेजरबाई म्हणाल्या.

मी धावलो. फळी रिकामी! शेजारच्या काउंटरवर पैसे देऊन एक आजोबा आमचा मायक्रोवेव्ह ट्रॉलीत घालून बाहेर निघाले होते. मी पार्किंगमध्ये त्यांना गाठलं.

"सर, हा मायक्रोवेव्ह..." मला धाप लागलेली.

"देवासारखा आलास बघ!" आजोबा म्हणाले. "पाठ धरलीय रे माझी." आणि त्यांनी डिकी उघडली.

आता ऐंशीच्या माणसाला काय सांगणार? मी खोकं उचललं, नीट आडवं ठेवलं, हलू नये म्हणून बाजूला त्यांचा कोटही लावला. त्यांनी माझा हात हातात घेतला, दोन युरोचं नाणं त्यात दाबलं आणि निघून गेले.

परत आलो तर मेघना दुकानाच्या दारातच, मागे बाबा आणि ते छोटं खोकं.

"मायक्रोवेव्ह कुठाय?"

"आजोबांच्या डिकीत."

"कोणी ठेवला?"

"मी."

ती हसत सुटली. हसता हसता छोट्या खोक्यावरच बसली, म्हणाली, "बाबा, राहू दे. मला हाच चालेल." बाबाही एवढे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मीही हसलो. दुसरं करणार काय!

मग मी मूठ उघडून ते नाणं बाबांपुढे धरलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी नीट तपासलं आणि माझ्याच खिशात घातलं.

"ठेवा जावईबापू," ते म्हणाले. "हमालीवर विक्रीकर लागत नाही."