तडकलेल्या काचेचा मोबाईल

चंदगडच्या एसटीची वाट बघत कोल्हापूरच्या स्टँडवर बसलो होतो. आजूबाजूचे नवे मोबाईल सोडून शेजारी बसलेल्या मुलीनं माझा तडकलेला जुनाच मागितला. घरबसल्या दवाखान्यात नंबर लावायचं वेबपेज ती बनवत होती. माझ्या जुनाट ब्राउझरमध्ये त्याचं बटण काही केल्या चालेना. ती मांडीवरच्या लॅपटॉपवर कोड बदलायची आणि मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणायची, "काका, आता दाबा." माझी एसटी निघून गेली, पण मला उठवेना.

"नव्या मोबाईलवर कुठलंबी पेज चालतंय की," ती म्हणाली. "पण आजारी म्हाताऱ्या माणसांकडं असलाच असतोय."

अखेर बटण चाललं. तिनं ओढणीनं काच पुसून मोबाईल दोन्ही हातांनी परत दिला.

माझा मुलगा नवा मोबाईल घेऊन देतो म्हणतो. मी अजून हो म्हटलेलं नाही.